सरकार, सर जदुनाथ

(१० डिसेंबर १८७०–१९ मे १९५८). मोगलकालीन व मराठेकालीन भारताचे थोर इतिहासकार, प्राध्यापक व ऐतिहासिक साधनांचे संपादक. औरंगजेबाची कारकीर्द, शिवाजी महाराजांचे चरित्र आणि मोगल साम्राज्याचा ऱ्हास हे त्यांच्या संशोधनाचे तीन मुख्य विषय. समकालीन अस्सल कागदपत्रांची काटेकोर छाननी करूनच मध्ययुगीन भारताचा इतिहास लिहिला पाहिजे, हा दंडक त्यांनी घालून दिला. हा दंडक लागू करताना महाराष्ट्रातील संशोधकांशी त्यांचा दीर्घकाळ वाद झाला, पण त्याच काळात महाराष्ट्रातील दप्तरे अभ्यासकांपुढे येण्यास त्यांचे साहाय्यही झाले. त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासलेखनाच्या दृष्टीने त्यांच्या कार्याला विशेष महत्त्व आहे.

जीवन : जदुनाथांचा जन्म तत्कालीन बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील करचमारिया (आता बांगलादेशात) या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. वडील राजकुमार सरकार यांना वाचनाची आवड होती व त्यांचा ग्रंथसंग्रहही चांगला होता. जदुनाथांचे प्राथमिक व माध्यमिक शिक्षण राजशाही व कलकत्ता येथे झाले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी व इतिहास हे विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १८९२ मध्ये इंग्रजी विषयात एम्. ए. च्या परीक्षेत विद्यापीठात पहिले आले. १८९३ मध्ये रिपन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक म्हणून त्यांनी नोकरीस प्रारंभ केला. १८९७ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यासाठी केलेल्या अभ्यासातून इंडिया ऑफ औरंगजेब (१९०१) हा त्यांचा पहिला ग्रंथ सिद्ध झाला. मोगल साम्राज्याचे सुभे, त्यांचा महसूल आणि रस्ते यांची माहिती देणारा हा ग्रंथ मुख्यतः फार्सी साधनांच्या अनुवादावर आधारलेला आहे. इंग्रजी साहित्याचा हा प्राध्यापक पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ इतिहासाच्या अभ्यासातच रमला.

सरकारी शिक्षणखात्यात प्रवेश केल्यानंतर त्यांच्या सेवेची बहुतेक वर्षे पाटणा कॉलेजात गेली. मध्यंतरी १९१७ ते १९१९ या काळात ते बनारस हिंदू विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते व नंतर १९२३ पर्यंत कटकच्या रॅव्हेनशॉ कॉलेजात होते. १९२६ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांची कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली (१९२६–२८). विद्यापीठातील संशोधनाचा दर्जा सुमार असल्याची टीका त्यांनी यापूर्वी मॉडर्न रिव्ह्यू या मासिकातून वारंवार केली होती. त्यामुळे विद्यापीठातील एका प्रभावी गटाशी त्यांचे बिनसले होते आणि कुलगुरुपदाचा काळ त्यांना फारसा सुखाचा गेला नाही. १९२९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यानंतर काही काळ ते बंगालच्या विधिमंडळाचे सदस्य होते. सार्वजनिक जीवनात मात्र त्यांचे मन रमले नाही. कलकत्ता व दार्जिलिंग येथील निवासस्थानी त्यांचे लेखन अखेरपर्यंत चालू राहिले. उतारवयात त्यांना मुलांच्या मृत्यूचे दुःख सोसावे लागले. त्यांचा थोरला मुलगा फाळणीच्या सुमारास कलकत्त्यातील दंगलीत बळी पडला. तरीही त्यांच्या दैनंदिन कामात खंड पडला नाही. कलकत्ता येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

साधनांचा शोध : जदुनाथांनी लेखनास प्रारंभ केला, त्या वेळी मोगलांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्यांची मुख्य भिस्त एलियट व डाउसन यांनी केलेल्या फार्सी तवारिखांच्या निवडक अनुवादांवर आणि खाफीखानासारख्या उत्तरकालीन ग्रंथकारांवर होती. औरंगजेबाच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवे. आलमगीरनामा हा त्याचा दरबारी इतिहास कारकीर्दीच्या पहिल्या दहा वर्षांपुरताच आहे, कारण पुढे बादशाहानेच असा इतिहास लिहिण्यास मनाई केली. मआसिर-इ-आलमगीरी हा साकी मुस्तैदखानाचा ग्रंथ औरंगजेबाच्या मृत्यूनंतर तयार झाला. म्हणजे सुमारे चाळीस वर्षांच्या कालखंडाला, त्यातही दक्षिणेतील मोहिमांच्या कालखंडाला, तपशीलवार समकालीन दरबारी इतिहासच नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी जदुनाथ तवारिखांकडून प्रत्यक्ष कारभाराच्या कागदांकडे वळले. मोगल दरबारातील रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे (अखबारात) वकिलांमार्फत राजेरजवाड्यांकडे जात. अशी औरंगजेबकालीन बातमीपत्रे जयपूर संस्थानच्या दप्तरात होती व त्यांतील काही लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत जाऊन पोहोचली होती. जदुनाथांनी त्यांच्या नकला करवून घेतल्या. बादशाहाची, शाहजाद्यांची व सरदारांची पत्रे त्यांनी हिंदुस्थानातील व यूरोपातील संग्रहांतून मिळविली. मिर्झा राजा जयसिंगाच्या मुन्शीने जमविलेल्या हफ्त अंजुमन या पत्रसंग्रहाचा त्यांनी प्रथमच कसून उपयोग केला. त्यामुळे १६६५ मधील पुरंदरचा वेढा व तह यांची मोगल बाजू खुद्द सेनापतीच्या पत्रांतून समजू लागली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून असलेले बहारिस्तान-इ-घैबी हे हस्तलिखित त्यांनी ओळखले. त्यातून जहांगीरकालीन बंगाल व आसामच्या इतिहासाचे एक अज्ञात साधन उपलब्ध झाले.

फार्सीखेरीज मराठी, हिंदी, राजस्थानी, फ्रेंच इ. भाषांतील साधने त्यांनी वापरली. इंग्रज वखारींची पत्रे, पोर्तुगीज कागदपत्रे व अहोम राजांच्या बुरंज्याही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. निरनिराळ्या साधनांतील तारखांचा मेळ घालणे, त्यासाठी हिजरी, शक व इसवी कालगणना ताडून पाहणे आणि नकाशावर प्रत्येक कूच व मुक्काम निश्चित करणे, ही त्यांची नेहमीची पद्धत होती. रणभूमीची व किल्ल्यांची ते स्वतः पाहणी करीत. महाराष्ट्रातही ते अनेकदा हिंडले. एखादी नवी तारीख किंवा नवे पत्र हाती आले की छापून झालेल्या ग्रंथातील मजकूर पुढील आवृत्तीत बदलण्यास ते कचरत नसत.

प्रमुख ग्रंथ : हिस्टरी ऑफ औरंगजेब (५ खंड, १९१२–२४) हा त्यांचा पहिला महाग्रंथ. शाहजहानच्या कारकिर्दीपासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतची (१७०७) हकिकत त्यात आली आहे. वारसायुद्ध, उत्तरेकडील घडामोडी, विजापूर व गोवळकोंड्याचा पाडाव आणि मराठ्यांशी झालेले पंचवीस वर्षांचे युद्ध यांचे त्यांनी साधार वर्णन केले. औरंगजेब हा मेहनती, संयमी व वैयक्तिक जीवनात साधा होता. तथापि त्याचे धार्मिक धोरण व दक्षिणेतील न संपणारे युद्ध यांमुळे साम्राज्य आतून पोखरले गेले, हा या ग्रंथाचा निष्कर्ष आहे. मोगल ॲड्मिनिस्ट्रेशन (१९२०) या ग्रंथात त्यांनी मोगल राज्यकारभाराची संगतवार माहिती दिली. विल्यम आर्व्हिनचा लेटर मोगल्स हा अपूर्ण ग्रंथ त्यांनी संपादून प्रसिद्ध केला.

फॉल ऑफ द मोगल एम्पायर (४ खंड, १९३२–५०) हा त्यांचा दुसरा महाग्रंथ. नादिरशाहाच्या स्वारीपासून १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंतचा काळ त्यात आला आहे. पानिपतची तिसरी लढाई व महादजी शिंदे यांचे दिल्लीतील राजकारण हे विषय त्यात विस्ताराने आले आहेत. पानिपतच्या रणभूमीची पाहणी करून व काशीराजाच्या फार्सी वृत्तांताचे जुने इंग्रजी भाषांतर मुळाशी ताडून त्यांनी त्या लढाईची मांडणी केली. डाक्का विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या हिस्टरी ऑफ बेंगॉलचा दुसरा खंड (१९४८) त्यांनी संपादिला. मआसिर-इ-आलमगीरीचा इंग्रजी अनुवाद (१९४७) आणि चैतन्य महाप्रभूंच्या यात्रांविषयीचा ग्रंथ हेही त्यांच्या लेखनात उल्लेखनीय आहेत. बंगालीतही त्यांनी विपुल लेखन केले. रवींद्रनाथ टागोरांशी त्यांचा स्नेह होता. रवींद्रनाथांनी अचलायतन हे आपले नाटक त्यांना अर्पण केले.

शिवचरित्र व महाराष्ट्रातील वाद : शिवाजी अँड हिज टाइम्स हा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला व लेखकाच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासानंतर (१८२६) शिवकालाची इतकी तपशीलवार चिकित्सा इंग्रजीत झाली नव्हती. फार्सी साधने व इंग्रज वखारींची समकालीन पत्रे हा या ग्रंथाचा मुख्य आधार होय. मराठी बखरींपैकी सभासदाच्या बखरीला त्यांनी मान दिला. चिटणिसी व इतर उत्तरकालीन बखरी मात्र पुराव्यादाखल ग्राह्य धरल्या नाहीत. शिवाजी महाराजांच्या ठायी राष्ट्र घडविण्याची असामान्य विधायक प्रतिभा होती, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्याचबरोबर मराठी राज्य चिरस्थायी का झाले नाही, याची मीमांसा करताना जातिभेद व स्थिर आर्थिक पायाचा अभाव यांवर त्यांनी बोट ठेवले.

या ग्रंथावर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील अभ्यासकांनी कडक टीका केली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध करून जी परंपरा सुरू केली होती, ती या मंडळाने १९१० पासून पुढे चालविली होती. गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या घरांतील वतनपत्रे, निवाडे, करीने व शकावल्या हेच त्यांच्या मते इतिहासाचे जिवंत साधन होते. जदुनाथ या साधनांना पुरेसे महत्त्व देत नाहीत, मराठ्यांकडे त्यांच्या शत्रूंच्या कागदांतून पाहतात आणि चौथाईसारख्या संस्थांना केवळ लूट मानतात, असे मंडळाच्या अभ्यासकांचे आक्षेप होते. उलटपक्षी, स्थानिक कागद गोळा करण्याच्या उत्साहात त्यांचा खरेखोटेपणा पारखण्याकडे दुर्लक्ष होते व अभिमान चिकित्सेच्या आड येतो, अशी जदुनाथांची तक्रार होती. १९१५ मध्ये बरद्वान येथील बंगीय साहित्य संमेलनाच्या इतिहास शाखेपुढील भाषणात, सत्य स्वदेशाच्या अभिमानास रुचो वा न रुचो, इतिहासकाराने ते स्वीकारले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. पुण्याशी झालेल्या वादातही ते तिच्यापासून ढळले नाहीत.

व्यक्तींपलीकडे पाहिल्यास हा वाद पुराव्याच्या स्वरूपाविषयीचा होता आणि दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. शिवकालाच्या उत्तरार्धापासून शाहूच्या सुटकेपर्यंतच्या काळाची मराठी राजदप्तरे जवळजवळ नाहीतच. रायगड १६८९ मध्ये मोगलांनी घेतला, तेव्हा तेथील दप्तर नष्ट झाले, असे मानले जाते. या काळासाठी मोगल बातमीपत्रांना पर्याय नव्हता. मात्र गावगाडा, वतन, न्याय व महसूल यांविषयी फार्सी तवारिखांत जवळजवळ काहीच सापडत नाही; तेथे मराठी कागदच उपयोगी पडतात. ग. ह. खरे यांनी मंडळामार्फत ऐतिहासिक फार्सी साहित्याचे खंड संपादिले, सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल बातमीपत्रे मराठीत आणली. फार्सी साधनांची निकड पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांनाही पटल्याचे हे द्योतक होय.

सरदेसाई व पेशवे दप्तर : रियासतकार गो. स. सरदेसाई व जदुनाथ यांचा पत्रव्यवहार १९०४ मध्ये सुरू झाला आणि सु. पन्नास वर्षे चालला. सरदेसाई बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते व निवृत्तीनंतर कामशेतला राहत. जदुनाथ त्यांना फार्सी साधनांतील माहिती पुरवीत, सरदेसाई त्यांना मराठी व मोडी कागदांचा अर्थ उलगडून सांगत. या पत्रांत तारखा, गावांची नावे आणि हस्तलिखितांचे ठावठिकाणे यांची चर्चा जितकी आहे, तितकीच परस्परांच्या लेखनातील दोषांची स्पष्ट कानउघाडणीही आहे. यांतील निवडक पत्रे हरिराम गुप्त यांनी संपादिलेल्या जदुनाथ गौरवग्रंथात प्रसिद्ध झाली.

पुण्यातील पेशवे दप्तर इनाम चौकशीच्या कामापासून सरकारच्या ताब्यात होते. त्यातील काही रोजनिश्यांच्या निवडी ग. चि. वाड यांच्या परिश्रमाने प्रसिद्ध झाल्या होत्या. परंतु दप्तर अभ्यासकांना सर्वसाधारणपणे बंदच होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाचे (इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन) जदुनाथ प्रारंभापासूनचे सदस्य होते. सरकारी दप्तरे संशोधकांना खुली करावीत, असा आग्रह आयोगाच्या अधिवेशनांतून त्यांनी धरला. १९२५ चे अधिवेशन पुण्यातच भरले होते. अखेर मुंबई सरकारने या दप्तराच्या निवडीचे काम सरदेसाई यांच्याकडे सोपविले. त्यांनी काही साहाय्यकांच्या मदतीने सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दप्तर या मालेचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. हे काम एका व्यक्तीकडे न देता मंडळाकडे द्यावयास हवे होते व निवड घाईने झाली, असा आक्षेप पुण्यात घेतला गेला. दप्तर सर्वांना सारखे खुले असावे, हे त्यामागील तत्त्व रास्त होते. तरीपण हजारो अप्रकाशित कागद थोड्या वर्षांत अभ्यासकांच्या हाती आले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

या प्रकाशनाचा पहिला मोठा लाभ खुद्द जदुनाथांनी घेतला. फॉल ऑफ द मोगल एम्पायरचे पहिले दोन खंड (१९३२, १९३४) तयार होत असतानाच पेशवे दप्तराचे भाग छापले जात होते. अठराव्या शतकातील दिल्ली, राजपुताना व दुआब यांच्या इतिहासासाठी पेशव्यांच्या उत्तरेतील वकिलांची व सरदारांची पत्रे हे अव्वल दर्जाचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले व त्यांचा भरपूर उपयोग केला. मराठी साधनांवर अविश्वास दाखविणारा इतिहासकार म्हणून ज्यांच्यावर टीका झाली, त्यांच्या उत्तरायुष्यातील महाग्रंथाचा एक प्रमुख आधार मराठी पत्रेच आहेत. त्यांच्या पूर्वीच्या शंका उत्तरकालीन बखरींपुरत्या होत्या. समकालीन पत्र कोणत्याही भाषेतील असो, त्याला ते मान देत. पुढे त्यांनी व सरदेसाईंनी मिळून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या मालेचे संपादन केले. तिचा महादजी शिंदे यांच्याविषयीचा पहिला खंड (१९३६) जदुनाथांनी सिद्ध केला. पारसनीस संग्रहातील दिल्लीच्या फार्सी बातमीपत्रांचा अनुवाद (१९५३) त्यांनी वयाच्या ऐंशीनंतर मुंबई सरकारसाठी केला. हाउस ऑफ शिवाजी (१९४०) या ग्रंथात त्यांचे मराठ्यांविषयीचे स्फुट लेख संगृहीत झाले आहेत. जयपूर दरबाराच्या नोकरांनी आग्र्याहून लिहिलेली राजस्थानी पत्रे उपलब्ध झाल्यावर १६६६ मधील शिवाजी महाराजांच्या आग्रा-भेटीचा वृत्तांतही त्यांनी नव्याने मांडला.

मूल्यमापन : जदुनाथांच्या निष्कर्षांवर त्यांच्या हयातीतच मतभेद व्यक्त झाले. औरंगजेबाचे धार्मिक धोरण हे साम्राज्याच्या ऱ्हासाचे मुख्य कारण, हे त्यांचे प्रतिपादन झहिरुद्दीन फारुकी यांनी १९३५ मध्ये खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे सतीश चंद्र, इरफान हबीब, एम्. अथर अली प्रभृतींनी जहागिरींची टंचाई, उमरावांतील गट आणि शेतकऱ्यांवरील महसुलाचा बोजा यांच्या आधारे ऱ्हासाची निराळी उपपत्ती मांडली. जदुनाथांच्या ग्रंथांत लढाया, राजकारण व व्यक्तींचे स्वभाव यांना जेवढे स्थान आहे, तेवढे शेती, व्यापार व सामान्य जनजीवन यांना नाही, हे खरे आहे. इंग्रजी राजवटीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बरीच अनुकूल होती. प्लासीनंतर बंगालमध्ये मध्ययुग संपून प्रबोधनाचा उदय झाला, असे त्यांनी लिहिले. स्वातंत्र्योत्तर काळातील अभ्यासकांना ही दृष्टी मान्य झाली नाही.

महाराष्ट्रातही त्यांची काही मते बदलावी लागली. संभाजी महाराजांचे व्यसनी व नाकर्ते असे जे चित्र त्यांच्या ग्रंथांत आहे, ते वा. सी. बेंद्रे (१९६०) व कमल गोखले (१९७१) यांच्या साधार चरित्रग्रंथांनंतर ग्राह्य राहिले नाही. पानिपतच्या मीमांसेत त्र्यं. शं. शेजवलकर यांनी त्यांच्याहून वेगळी भूमिका घेतली. या पुनर्विचाराची रीत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. बेंद्रे किंवा शेजवलकर यांनी जदुनाथांना उत्तर देताना भावनेचा आधार न घेता नवे समकालीन कागद पुढे केले, तारखा ताडून पाहिल्या व त्यांच्या साधनांची उलटतपासणी केली. जदुनाथांचा कस लावूनच जदुनाथांची मते तपासली गेली.

शिक्षक म्हणूनही त्यांचा प्रभाव मोठा होता. शेरशाहाचे चरित्रकार कालिकारंजन कानूनगो व माळव्याच्या इतिहासाचे अभ्यासक सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह हे त्यांचे नामवंत शिष्य होत. जदुनाथांनी जमविलेल्या नकलांच्या प्रती काढून रघुवीरसिंहांनी सीतामऊ येथे मोठा संग्रह उभा केला. जदुनाथांचा स्वतःचा ग्रंथ व हस्तलिखितसंग्रह कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यांचे कलकत्त्यातील घर सामाजिक शास्त्रांच्या संशोधनसंस्थेच्या उपयोगात आले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने व अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने त्यांना सन्मान्य सदस्यत्व दिले. मृत्यूनंतर काही दशके विद्यापीठीय अभ्यासक्रमांत त्यांचे ग्रंथ मागे पडले. परंतु दीपेश चक्रवर्ती यांच्या द कॉलिंग ऑफ हिस्टरी (२०१५) या ग्रंथाने त्यांच्या व सरदेसाई यांच्या पत्रव्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले.

जदुनाथांच्या काळी ऐतिहासिक कागद कोणी पाहावयाचे, हे सरकार, संस्थानिक व खाजगी संग्राहक ठरवीत. आपल्या ताब्यातील कागद दुसऱ्यास न दाखविण्याची वृत्तीही संशोधकांत सर्रास आढळे. अशा परिस्थितीत जे विधान करावयाचे, त्याचा कागद इतरांना तपासता आला पाहिजे, या तत्त्वासाठी त्यांनी आयुष्यभर प्रयत्न केले. त्यांच्या ग्रंथांतील निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी कालबाह्य झाले असले, तरी त्यांनी उजेडात आणलेली साधने व त्यांची संगतवार कालानुक्रमे केलेली मांडणी सतराव्या व अठराव्या शतकांच्या अभ्यासकाला आजही वगळता येत नाही.